हिशेब चोख, पण चोपडी अपुरी: संगणकाच्या स्मृतीतील एका गुणाकाराची गोष्ट

१/ पेण तालुक्यातील हमरापूर हे गणेशमूर्तींच्या कारखान्यांचे गाव. समजा, तेथील एका कारखान्यास १,५०० मूर्ती घडवायच्या आहेत आणि प्रत्येकीस ७ किलो शाडू लागते. गुणाकार १०,५००. परंतु चोपडीत आकड्यासाठी चारच घरे असतील, तर डावीकडील १ गळतो आणि उरतात ५००.

२/ माती संपताच कारागीर थांबतो. संगणक थांबत नाही. तो शेजारच्याच्या जागेत लिहीत सुटतो. सी भाषेत स्मृती मागताना 'नगसंख्या गुणिले नगाचा आकार' असा हिशेब होतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच मोजता येते; पुढे पुन्हा शून्य. चार बाइटांचे १,०७,३७,४१,८२५ नग मागितले, तर पदरी पडतात अवघे ४ बाइट.

३/ ही केवळ कल्पना नव्हे. जून २००२ मध्ये ओपनएसएसएचमध्ये हाच दोष सापडला. उत्तरांची संख्या दूरस्थ संगणक सांगे आणि ती तपासणीविना गुणली जाई. दाराला कुलूप लावणाऱ्या प्रणालीतच खिंडार पडले.

४/ 'दक्ष प्रोग्रामर असे चुकत नाही' हा युक्तिवाद येथेच कोसळतो. ही प्रणाली ओपनबीएसडीच्या मंडळींची. एकेक ओळ तपासणे हीच त्यांची ख्याती. त्यांनाही आपल्या संकेतस्थळावरील निष्कलंकतेचा दावा बदलावा लागला.

५/ त्याच वर्षी दिसून आले की, नगसंख्या आणि आकार वेगवेगळे घेणारे 'कॅलॉक'सुद्धा अनेक ठिकाणी आतल्या आत बिनतपासणी गुणाकार करीत होते.

६/ उपाय सावकाश आले. २०१४ मध्ये ओपनबीएसडीने 'रीअ‍ॅलॉकअ‍ॅरे' दिले: गुणाकार मावत नसेल, तर स्पष्ट नकार. २०१८ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये 'स्ट्रक्ट साइझ' आले आणि उघडे गुणाकार ठिकठिकाणी बदलले गेले. सी-२३ मानकाने तपासणीसह गुणाकार भाषेतच आणला.

७/ या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. तपासणीला काही क्षण लागतात, ही तक्रार खरी असली तरी क्षुल्लक आहे. चुकीच्या हिशेबाची किंमत मात्र तो लिहिणारा नव्हे, वापरणारा मोजतो. म्हणून स्मृतीचा आकार हाताने गुणणे हा कौशल्याचा नव्हे, निष्काळजीपणाचा नमुना मानला जावा. दक्षता माणसाकडून मागण्याआधी ती साधनात असावी. चोपडीला पाचवे घर नसेल, तर तिने निदान 'मावत नाही' एवढे तरी सांगावे.