कारणाचा रकाना

बचत गटातल्या बाईच्या कर्जमागणी अर्जात ‘व्यवसाय सुरू करण्याचे कारण’ विचारले, की खाली ठरलेले उत्तर येते: कुटुंबाला हातभार. भूममध्ये तेच, उमरग्यातही तेच. शेळ्या घेणारीचे तेच आणि पिठाची गिरणी टाकणारीचेही तेच. अर्ज बहुधा गटांचे काम पाहणारी समुदाय संसाधन व्यक्ती, म्हणजे सीआरपी ताईच भरते. शाखाधिकाऱ्याला कोणते उत्तर चालते, हे तिला पाठ असते आणि सासरच्या चार माणसांदेखत बाईलाही वेगळे काही बोलायचे नसते. मग या अर्जांची बेरीज करून आपण अहवालात लिहून टाकतो, की ग्रामीण महिला गरजेपोटी उद्योगाकडे वळतात.

गरज खोटी नाही. धाराशिव जिल्ह्यात ती सिद्ध करायला पाहणी लागत नाही. पाऊस बेभरवशाचा, खरिपाची सगळी भिस्त सोयाबीनवर आणि सोयाबीनचे पैसे हातात येईपर्यंत दुकानदाराची उधारी चढलेली. पण गरज तर गल्लीतल्या प्रत्येक घरात आहे. धंदा त्यातली एखादीच सुरू करते. त्या एकीचे काय वेगळे होते, हा आपल्या कामातला खरा प्रश्न आणि त्याला अर्जात जागा नाही.

‘ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर’ या जागतिक पाहणीनेही अनेक वर्षे उद्योजकांचे ‘गरजेपोटी’ आणि ‘संधी पाहून’ असे दोनच ढीग केले. २०१९ पासून त्यांनी कारणे चार केली आणि एकाच व्यक्तीला एकाहून जास्त कारणांना होकार देण्याची मुभा ठेवली. आपल्याकडे मात्र जुनी वाटणी टेबलावर तशीच आहे. संधीवाली ती ‘उद्योजिका’, गरजवाली ती ‘लाभार्थी’. पहिलीला प्रकल्प अहवाल करून मिळतो, दुसरीला दोन शेळ्या मिळतात.

बीडला लागून असलेल्या भूम, वाशी, कळंब या भागांतून माणसे ऊसतोडीला जातात. तिथे हिशेबाचे एकक कोयता. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला आणि पैसे घेतो नवरा. हंगामभर बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते; त्यातली तिची मजुरी किती, हे कुठेच लिहिलेले नसते. अशी बाई ‘औंदा मी जात नाही, गावातच कायतरी करते’ म्हणते, तेव्हा तिला काय हवे असते? पैसे तर हवेच. पण पोरांची शाळा मध्येच तुटू नये, पालात बाळंतपण होऊ नये आणि आपल्या कष्टाचा आकडा आपल्या नावासमोर पडावा, हेही त्यात असते. या सगळ्याला ‘हातभार’ म्हणणे म्हणजे तिचे निम्मे बोलणे खोडून टाकणे.

शेळीचेच घ्या. उस्मानाबादी शेळी काळी, काटक, बऱ्याचदा जुळी देणारी. चारा घालणे, पिल्ले सांभाळणे हे बाईकडे. व्यापारी दारात येतो, बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतो, कमरेजवळ चिमटीने मांस चाचपतो आणि अंदाजाने आकडा बोलतो. तो बोलतो नवऱ्याशी. नोटाही त्याच्याच हातात मोजून पडतात. त्याच दारात गटातल्या पशुसखीने, म्हणजे जनावरांच्या देखभालीला मदत करणाऱ्या बाईने, वजनकाटा टांगला, की बोलणे किलोवर येते आणि किलोचा भाव बाईला तोंडपाठ असतो. काट्याने उत्पन्न किती वाढते ते भावावर ठरेल. पण व्यापारी तोंड कोणाकडे करून बोलतो, ते त्याच दिवशी बदलते. दुसऱ्या वेताची पाट विकायची की ठेवायची, हा विचार ती इथून पुढे करू लागते. हेतू असा धंद्यात पडल्यावर तयार होतो. पहिल्या अर्जाच्या दिवशी तो तिच्याजवळ नसतोच.

या जिल्ह्याने हे एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात पुनर्वसनाचे काम निघाले. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, भिंत मजबूत कशी करायची, हे त्या घरोघर जाऊन सांगत आणि गावाच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. त्यांना कोणी उद्योग शिकवत नव्हते. पण ज्या बाईने अभियंत्याला भर गावात प्रश्न विचारला, तिला पुढे ठोक व्यापाऱ्याला भाव विचारायची भीती वाटली नाही. बचत गट आणि सखींचे उद्योग त्यानंतर वाढले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत घरच्याच रानातला एखादा एकर मागून घेऊन त्यात धान्य, डाळी, भाजीपाला काय लावायचे हे स्वतः ठरवणाऱ्या बायका याच वाटेने आल्या.

हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांचे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. बांगड्या विकण्यापासून सुरुवात, मग कोंबडीपालन, सौर दिव्यांची विक्री, इतर बायकांना धंद्यात आणणे आणि २०१७ मध्ये नीती आयोगाचा पुरस्कार. त्यांची गोष्ट सांगताना भाषणांतून ‘जिद्द’ हा शब्द फार वापरला जातो. जिद्द असेलच, पण जिद्दीवर कार्यक्रम आखता येत नाही. आम्हाला त्यात बांगड्यांची पाटी महत्त्वाची वाटते. बांगड्या विकणाऱ्या बाईला प्रत्येक घराचे दार उघडे असते. कोणत्या घरात पैसा आहे, कोण उधारी बुडवते, कोणाचे लग्न ठरले, हे तिला कळते. गावात फिरण्याची मुभा हेच पहिले भांडवल आणि ते कोणत्याच कर्ज योजनेत मिळत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. उद्योगाची प्रेरणा ‘जागवण्या’साठी होणारी एकदिवसीय शिबिरे कमी करावीत. तो पैसा बायकांना गावात आणि गावाबाहेर वावरायला लावणाऱ्या कामांवर घालावा: आठवडी बाजारात गटाचा गाळा, तालुक्याला जाऊन माल खरेदी, ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या वतीने बँकेत बोलणी. कागदावर बाई आणि गल्ल्यावर नवरा, असे अनुदानापुरते उद्योग आपण सगळ्यांनी पाहिले आहेत आणि उद्दिष्टपूर्तीच्या तक्त्यात मोजलेही आहेत. ते मोजणे थांबवले तर तक्ता लहान होईल. होऊ द्या.

आणि अर्जातला तो रकाना पहिल्या कर्जाला रिकामा राहिला तरी चालेल. दुसऱ्या कर्जाच्या वेळी मात्र बाईला एकटीला बसवून विचारा: मागच्या वेळी नफा झाला त्याचे काय केलेस आणि ते कोणी ठरवले? तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. प्रभाग समन्वयकांनी, बँक सखींनी आणि शाखाधिकाऱ्यांनी अशी उत्तरे नाव-गाव वगळून आमच्याकडे पाठवावीत. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.