टेस्ट कुणाच्या भाषेत?

सेमिनारला कॉक्लिअर इम्प्लांट घेतलं होतं. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या!) कानातल्या शंखात बारीक इलेक्ट्रोड, तिथून थेट नसेला सिग्नल. वाटलं, सर्किट बरोबर तर आउटपुट बरोबर. पण मोठ्या माणसांत तसं नसतं. २०१३ साली १५ केंद्रांतल्या २२५१ जणांचा अभ्यास छापून आला. बहिरेपण किती वर्षांचं, कोणत्या वयात आलं, कशामुळे आलं, इम्प्लांटनंतर सराव किती, सगळं तपासलं. तरी एकट्या माणसाला पुढे किती समजेल, हे नेमकं सांगता येत नाही.

मी डहाणूची. आमच्या चिकूच्या वाडीत तलासरीहून एक बाबा कामाला येतात, चार-पाच वर्षांत कान पार गेले. घरी बोलणं वारलीत. सरकारच्या ॲडिप योजनेतलं इम्प्लांट लहान मुलांसाठी. समजा, बाबांना कुणी लाखो रुपये दिले, तर शब्द ओळखायची टेस्ट पुस्तकी मराठीत घेणार? कधी न ऐकलेला शब्द चुकला, तर दोष कानाचा की यादीचा? मशीन जुळवायला पुन्हापुन्हा जायचं, तर तलासरीला रेल्वे नाही. जीपने डहाणू रोड, मग लोकल, दिवसाची मजुरी बुडाली. अशा मार्कांवर मॉडेल शिकवलं, तर ते तलासरीच्या पुढच्या माणसालाही 'फायदा कमी' म्हणणार.

प्रोजेक्ट शोधणाऱ्यांनो, दिवाळीच्या सुट्टीत वारली शब्द रेकॉर्ड करायला येता का? जेवण आमच्याकडे.