दुसरा बाप्तिस्मा की पहिल्याचा विसर?

आमच्या धर्मग्रामांतील अनेक घरांत अलीकडे एक प्रश्न अवचित दाराशी येऊन उभा राहतो : ‘तुमचा नवा जन्म झाला आहे काय?’ विचारणारा बहुधा परका नसतो. तो आपलाच पुतण्या असतो, शेजारी असतो, कचेरीतील सहकारी असतो. कुठल्याशा प्रार्थनासभेत त्याच्या मनाला शांती लाभलेली असते. तो बायबल नित्य वाचू लागलेला असतो. कदाचित त्याचे व्यसनही सुटलेले असते. या साऱ्याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु गोष्ट तेथे थांबत नाही. बालपणी तुमच्या मस्तकावर ओतलेले पाणी हे निव्वळ पाणी होते, आता समजून-उमजून खरा बाप्तिस्मा घ्या, असा आग्रह सुरू होतो. काहीजण तो घेतात. त्या दिवसापासून त्या घरात एक न दिसणारी भिंत उभी राहते. मुलाला कडेवर घेऊन देवळात गेलेल्या वृद्ध मातेला वाटते, आपण केले ते सारे व्यर्थ गेले काय?

त्या मातेला स्पष्ट उत्तर मिळाले पाहिजे. ‘सगळे एकाच देवाकडे जातात’ अशी गुळमुळीत समजूत काढून तिचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

प्रथम शब्दाचाच विचार करू. मराठीत ‘पुनर्जन्म’ म्हणताच जन्ममरणाचे फेरे डोळ्यांपुढे येतात. म्हणून आम्ही ‘नवजन्म’ हा शब्द पसंत करतो. निकदेमाचा गोंधळही शब्दापाशीच झाला होता. योहानलिखित शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभूच्या तोंडी आलेल्या ‘अनोथेन’ या ग्रीक शब्दाचे अर्थ दोन : ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेमाने पहिला अर्थ धरला आणि म्हाताऱ्या माणसाने आईच्या उदरात कसे शिरावे, असे विचारले. प्रभूने त्याला दुसऱ्या अर्थाकडे नेले. हा जन्म वरून होतो. पाणी आणि पवित्र आत्मा यांच्या योगे होतो. जो जन्म वरून होतो तो माणसाच्या निर्धाराचे फळ नसतो. कोणतेही बालक स्वतःचा जन्म घडवून आणत नाही. ते तो स्वीकारते. नवजन्माच्या बाबतीतही कर्ता देव आहे, हे सूत्र हातून सुटले की पुढचे सारे विवेचन वाट चुकते.

आमचे प्रतिपक्षी म्हणतात की, येथे ‘पाणी’ म्हणजे नैसर्गिक प्रसूती, किंवा देवाचे वचन. बाप्तिस्म्याचा येथे संबंध नाही. तसे असेल तर योहानाने हा संवाद संपताच, त्याच अध्यायाच्या बाविसाव्या ओवीत, प्रभू आणि त्याचे शिष्य यहुदियात बाप्तिस्मा देत असल्याची नोंद का करावी? संत पौल तीताला लिहिताना नवजन्माचा संबंध स्नानाशी का जोडतो? इ.स. १५०च्या सुमारास रोममध्ये लिहिणाऱ्या संत जस्टिनने ख्रिस्ती लोकांचा स्नानसंस्कार सम्राटाला समजावून सांगताना प्रभूच्या याच शिकवणीचा आधार घेतला आहे. पहिल्या शतकांतील ख्रिस्तसभेने हे वचन जसे वाचले तसेच आम्ही वाचतो. नवे वाचन आमचे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, असा नव्या करारातील क्रम आहे. तान्हे मूल विश्वास कसा ठेवणार? शिवाय नव्या करारात एखाद्या अर्भकाला बाप्तिस्मा दिल्याचा नावानिशी उल्लेख नाही. हे खरे आहे, आणि ते आम्ही लपवीत नाही. परंतु ते ग्रंथ पहिल्या पिढीच्या मिशनकार्याचे आहेत. त्या पिढीत बाहेरून येणारे प्रौढच अधिक असणार. आजही प्रौढ व्यक्ती ख्रिस्तसभेत येते तेव्हा आपण तिच्याकडून विश्वासाची कबुली घेतो. त्यासाठी टप्प्याटप्प्याने दीर्घ तयारी करून घेणारा प्रौढांचा प्रवेशविधी १९७२ मध्ये पुन्हा सिद्ध करण्यात आला. प्रश्न आहे तो श्रद्धावंतांच्या घरी जन्मणाऱ्या मुलांचा. लुदिया, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी, करिंथचा स्तेफना यांच्या घराण्यांना बाप्तिस्मा झाला, असे शास्त्र सांगते. घराणे म्हणजे केवळ वयात आलेली माणसे, असा अर्थ त्या काळी कोणी केला नसता. आपल्या गावात आजही कोणी करणार नाही.

पुढचा इतिहास पाहा. इ.स. २००च्या सुमारास तेर्तुलियनने लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबणीवर टाकावा, असा सल्ला दिला. आमचे प्रतिपक्षी त्याचा दाखला मोठ्या उत्साहाने देतात. पण ज्या प्रथेला तो विरोध करतो ती प्रथा तेव्हा चालू होती, हे त्याच्याच विरोधावरून सिद्ध होते. ती अवैध आहे, असे तोही म्हणत नाही. त्यानंतर अर्धशतकाने कार्थेजच्या संत सिप्रियनसह ६६ महागुरू एकत्र जमले. त्यांच्यापुढील प्रश्न होता तो असा : सुंतेप्रमाणे आठव्या दिवसापर्यंत थांबावे काय? त्यांनी निर्णय दिला : तेवढेही थांबू नये, नुकत्याच जन्मलेल्या बालकालाही देवाची कृपा नाकारता येत नाही. बुडवावे की ओतावे हा वादही असाच जुना. प्राचीन ‘दिदाखे’ या पुस्तिकेत वाहते पाणी उत्तम म्हटले आहे आणि पुरेसे पाणी नसल्यास मस्तकावर तीनदा ओतण्याची मुभा दिली आहे. बुडवून स्नान देण्याची मुभा आपल्या विधीतही आहे. कृपेचे मोजमाप पाण्याच्या खोलीवरून होत नसते.

मग मुलांचा बाप्तिस्मा मुळातच खोटा, हे मत लोकांपुढे ठळकपणे केव्हा आले? २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिच येथे कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला पुन्हा बाप्तिस्मा दिला, तेव्हापासून. लूथर, झ्विंग्ली आणि कॅल्विन या तिन्ही सुधारकांनी त्याला विरोध केला. कॅथलिकांशी इतक्या बाबतींत भांडलेले हे लोक येथे मात्र प्राचीन परंपरेच्या बाजूने उभे राहिले. त्या विरोधाला रक्ताचा डागही लागला, हे सांगितलेच पाहिजे. १५२७ मध्ये झुरिचच्या प्रॉटेस्टंट सत्तेने फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारले आणि त्याच वर्षी कॅथलिक सत्तेने मिखाएल सॅटलरला जाळले. मतभेदाला असे उत्तर देणारे हात ख्रिस्ताचे नव्हते. पण एखाद्याचा छळ झाला म्हणून त्याचे मत खरे ठरत नाही.

आता ‘अनुभवा’कडे वळू, कारण आजचा खरा वाद तेथे आहे. ‘कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला तुमचा उद्धार झाला ते सांगा,’ असे विचारले जाते. असा अनुभव येतो, हे आम्ही नाकारीत नाही. जॉन वेस्ली यांना तो २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये आला. रात्रीच्या पावणेनऊच्या सुमारास, अशी वेळही त्यांनी रोजनिशीत नोंदवून ठेवली. परंतु त्यांनी त्यानंतर दुसरा बाप्तिस्मा घेतला नाही, आणि मुलांचा बाप्तिस्माही टाकला नाही. महाराष्ट्रातील उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त गवसला तो पुढे काही वर्षांनी, असे त्यांनी आपल्या साक्षीत प्रांजळपणे सांगितले आहे. हे वाक्य आमच्याविरुद्ध वापरले जाते. आम्ही मात्र त्यात आमचेच म्हणणे पाहतो : बी पेरले जाते एका दिवशी आणि अंकुर दिसतो दुसऱ्या दिवशी, म्हणून अंकुर दिसताच कोणी दुसरे बी पेरीत नाही. आणि हेही विसरू नये की त्या दिवशी वाँटेजला रमाबाईंबरोबर त्यांच्या दोन वर्षांच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा झाला. ज्या आईने स्वतः इतका विचार करून पाऊल टाकले, तिने लेकीला दाराबाहेर उभे ठेवले नाही.

अनुभवालाच नवजन्माची कसोटी मानण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो आपल्या मातीतील माणसाने तरी ओळखायला हवा. या देशात ‘द्विज’ म्हणजे दोनदा जन्मलेला हा शब्द फार जुना आहे. तो दुसरा जन्म काही वर्णांपुरता राहिला. रूढीने तो मुलींना नव्हता, शूद्रांना नव्हता, आदिवासींना नव्हता. स्नानकुंडाने ही भिंत पाडली. जमीनदाराचे मूल आणि मजुराचे मूल, मुलगा आणि मुलगी, बुद्धिमान आणि मतिमंद, सारे त्याच पाण्यातून त्याच नावाने बाहेर येतात. जे मूल आयुष्यात कधी एक वाक्यही बोलू शकणार नाही, तेही ख्रिस्ताचे पूर्ण अवयव होते. नवजन्म हा ज्याला अनुभव सांगता येतो त्याचाच, असे एकदा ठरवले की ख्रिस्तसभेत नवी द्विज जात निर्माण होते : वर साक्ष देणारे, खाली नुसतेच ‘नावाचे’ ख्रिस्ती. त्या मतिमंद मुलाची जागा मग कोठे?

एक गोष्ट आम्ही आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांना आदराने सांगू इच्छितो. पाणी ओतून, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने आणि ख्रिस्तसभेच्या हेतूने तुमच्याकडे झालेला बाप्तिस्मा आम्ही खरा मानतो. तुमच्यातील कोणी आमच्याकडे आला तर आम्ही त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाही. तिसऱ्या शतकात सिप्रियनसारखा संत ‘पुन्हा द्या’ म्हणत असतानाही पोप स्तेफन ठाम राहिले. पुढे संत ऑगस्टिनने त्याचे कारण स्पष्ट केले : देणारा कोणीही असो, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा असतो. १९८२ मध्ये लिमा येथे अनेक ख्रिस्तसभांच्या प्रतिनिधींनी संमत केलेल्या निवेदनातही पुनर्बाप्तिस्मा वाटेल असे काहीही टाळावे, असे म्हटले आहे. १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मुलांचा बाप्तिस्मा देणारे आणि केवळ प्रौढांना देणारे, दोघेही एकत्र आले. जो आमच्या माणसाला पुन्हा पाण्यात उतरवतो, तो केवळ आमच्याशी वाद घालीत नाही. देवाने त्या दिवशी काहीच केले नाही, असे तो म्हणतो. ते म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

एवढे सांगून आम्ही आमच्याच कुटुंबांकडे वळतो, कारण प्रतिपक्षाचा एक बाण अचूक लागतो. मुलांचा बाप्तिस्मा हा पुढे शिक्षण गृहीत धरतो. मुलाला श्रद्धेत वाढवले जाईल, अशी साधार आशा असल्याशिवाय तो देऊ नये, असे धर्मकायद्याचे ८६८ वे कलम सांगते. धर्ममाता-धर्मपिता हे दृढीकरण झालेले, किमान सोळा वर्षे पूर्ण झालेले आणि श्रद्धेने जगणारे असावेत, असे ८७४ वे कलम सांगते. आपल्याकडे मात्र सभागृह आधी ठरते, जेवणावळीची यादी मग होते. धर्मपित्याची निवड त्याच्या श्रद्धेवरून नव्हे, तर त्याच्या हाती येणाऱ्या सोन्याच्या साखळीवरून होते. संस्काराची वेळ उरकण्यात जाते, आणि आशीर्वादित पाण्यापेक्षा ध्वनिवर्धकाचाच आवाज अधिक काळ लक्षात राहतो. अशा घरातील तरुण विसाव्या वर्षी बायबलच्या भुकेने दुसरे दार ठोठावतो, तेव्हा दोष एकट्या त्या दाराचा नसतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलांच्या बाप्तिस्म्याची तारीख धर्मग्रामाच्या नोंदवहीतून माहीत करून घ्यावी आणि वाढदिवसासारखी पाळावी. त्या दिवशी ती मेणबत्ती पुन्हा पेटवावी, शुभवर्तमानाचा एक उतारा घरात मोठ्याने वाचावा, धर्ममाता-धर्मपित्यांना बोलवावे. १९५१ मध्ये पास्काजागरणाचे नूतनीकरण झाले तेव्हापासून त्या रात्री आपण बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो. ती हातातील ज्योतीकडे पाहून, अर्थ समजून उच्चारावीत. आपल्याला दुसऱ्या बाप्तिस्म्याची गरज नाही. गरज आहे ती पहिल्याकडे रोज परतण्याची.

तेव्हा, वृद्ध मातांनो, पुन्हा कोणी दाराशी येऊन विचारले की ‘तुमचा नवा जन्म झाला आहे काय?’, तर गडबडून जाऊ नका. त्याला आत बोलवा, चहा द्या आणि सांगा : होय, झाला आहे; अमुक तारखेला, अमुक देवळात, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आणि अजून वाढते आहे.