भाड्याचे हत्यार

ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हेनेझुएलाच्या सरकारवर नवे निर्बंध लादले. त्या आदेशाचा हवाला देऊन ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडोबी कंपनीने त्या देशातील सर्व ग्राहकांची खाती बंद करण्याचे जाहीर केले. भांडण दोन सरकारांचे; हत्यार हिरावले जाणार होते ते काराकासमधल्या डिझायनरचे! महिनाअखेर अमेरिकी सरकारने कंपनीला परवाना दिला आणि संकट टळले. पण कारागिराच्या कामाला वॉशिंग्टनचा परवाना लागावा, हीच खरी गोम आहे.

२०१३ साली या कंपनीने फोटोशॉप, इलस्ट्रेटर यांसारख्या प्रमुख आज्ञावलींच्या नव्या आवृत्त्या केवळ भाड्याने देण्याचे धोरण स्वीकारले. सुताराची करवत त्याच्या मालकीची असते. डिझायनरची उरली नाही. उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न गिरणीच्या दारातून आता संगणकाच्या पडद्यावर येऊन ठाकला आहे.

इंकस्केप, गिम्प, स्क्रायबस ही मुक्त साधने अनेक देशांतील जाणकारांनी सहकार्याने उभारली आहेत. त्यांत उणिवा आहेत. परंतु संगणकावर एकदा घेतलेली प्रत कोणत्याही कंपनीला परत मागता येत नाही. आपली भित्तिपत्रके कशावर तयार होतात, हे प्रत्येक शाखेने तपासावे. आणि पुढचे पत्रक तरी या साधनांवर करून पाहावे.