भंगारात घाला हो!

जुना ट्रक दिसला की आपल्याकडे माणसाला सल्ल्याची उबळ येते. कर्नाळ्याच्या पायथ्याशी कुणी अंगणातल्या जुन्या डिझेल ट्रकचं बॉनेट उघडलं रे उघडलं, की हजर : "भंगारात घाला हो!" पाना धरायला मात्र एक जण पुढे येईल तर शपथ. वर शेकडो वर्षांचा किल्ला सुळक्याचा अंगठा दाखवीत उभा आहे. त्याला नाही कुणी मोडीत काढा म्हणत!

२०२१ च्या सरकारी धोरणातसुद्धा खासगी मालकाची गाडी आधी तपासायची, नापास झाली तरच मोडीत. धूर ओकणारी नकोच. अभयारण्यातल्या पाखरांनाही फुप्फुसं असतात. पण आमचे हे परीक्षक पेपर न घेताच निकाल लावतात. अहो, डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपसूक पेटतं. नळीत हवा शिरली, की कारभार बंद. मेस्त्री म्हणतो, "एअर धरलीय." फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हातपंप मारा, बुडबुडे थांबून नितळ डिझेल आलं की आवळा. एवढ्याशा गॅसेससाठी रोग्याला थेट स्मशानात?

नव्या गाडीचं म्हणाल, तर तिला आधी कॉम्प्युटर लावावा लागतो. आणि तो लावणारा पनवेलहून परवा येतो.