इंग्रजीची काळजी वाहणारे

मूल पाच वर्षांचे झाले की आईबापांना एकाएकी दूरदृष्टी फुटते. कालपर्यंत त्याचे नाक पुसणारी माणसे आज त्याच्या पंचविसाव्या वर्षीच्या पगाराचा हिशेब मांडू लागतात. हा रोग आपल्याच मुलखात आहे अशी माझी समजूत होती. पण अमेरिकेतल्या ज्यू कुटुंबांतही त्याची साथ चांगलीच पसरलेली दिसते. तिथल्या आईबापांपुढे प्रश्न असा की, लहानग्याला हिब्रूत शिकवणाऱ्या शाळेत घालावे की चारचौघांच्या इंग्रजी शाळेत? प्रश्न रास्त आहे. पण त्याचा निवाडा करताना तराजूच्या पारड्यात जी वजने पडतात, ती पाहून मला राहवत नाही. सगळी वजने एकाच बाजूला, आणि तीही खोटी!

आधी या शाळा कोणत्या, ते सांगतो. ज्यूंच्या खाजगी शाळा अमेरिकेत जुन्याच आहेत. तिथे दिवसाचा एक भाग धर्मग्रंथ आणि प्रार्थनेचा, उरलेला गणित-इंग्रजीचा. आणि फी अशी की न्यूयॉर्कसारख्या शहरात एका मुलामागे वर्षाला तीस हजार डॉलरही कमी पडावेत. 2007 साली फ्लॉरिडातल्या हॉलिवूड गावी (सिनेमावाले हॉलिवूड ते हे नव्हे) निराळ्याच तऱ्हेची शाळा निघाली. तिचे नाव 'बेन गामला'. यहोशुआ बेन गामला हा जेरुसलेमच्या मंदिराचा मुख्य धर्मगुरू. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी गावोगाव शिक्षक नेमावेत असा दंडक त्याने घातला, असे तालमूदात नमूद आहे. शाळा मात्र सरकारी पैशावर चालणारी, 'चार्टर' प्रकारातली. फी नाही, प्रार्थना नाही, कायद्याने धर्म शिकवता येत नाही. शिकवायची ती भाषा. 2009 साली ब्रुकलिनमध्ये तशीच एक शाळा निघाली आणि तिच्या बाकांवर ज्यूंच्या मुलांशेजारी कृष्णवर्णीयांची मुले बसून हिब्रू बोलू लागली. पुढे न्यू जर्सीतही हे लोण पोचले. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की तिथे चक्क सोडत काढतात.

मला या भानगडीत ओढले ते ठाण्याच्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी. घर बेने इस्रायल, मूळचे अलिबागकडचे. त्यांची मुलगी लग्न होऊन न्यू जर्सीत गेली, म्हातारी आईही आता तिच्याजवळ असते. मुलीच्या मुलाला यंदा पाचवे सरून सहावे लागेल. मी जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजवला, एवढ्या भांडवलावर तिने मला फोन करून विचारले, "काका, तुम्हीच सांगा. इथे सगळे म्हणतात, त्याचे इंग्रजी कच्चे राहील."

न्यू जर्सीत इंग्रजी कच्चे राहील! वाचकहो, समुद्रात राहून मासा कोरडा पडेल अशी भीती घालण्यापैकीच हे आहे. त्या पोराला घराबाहेर पाऊल टाकले की इंग्रजी, खेळायला गेले की इंग्रजी, आइसक्रीमच्या गाडीवर इंग्रजी, आणि घरात दार लावून बसले तरी पडद्यावरची सगळी चित्रे इंग्रजीतच बोलणार. या शाळांतही गणित आणि वाचनाचा मोठा भाग इंग्रजीतच असतो. ज्या भाषेला पळवून लावायचे म्हटले तरी ती जायची नाही, तिच्यासाठी हे सगळे पहारेकरी उभे!

कोणी म्हणेल, मास्तर, हा तुमचा तर्क झाला. तर अनुभवच पाहा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मॉन्ट्रियलजवळ सेंट लँबर्ट नावाचे उपनगर आहे. 1965 साली तिथल्या इंग्रजीभाषी आईबापांनी शाळा-मंडळाच्या मागे लागून आपल्या मुलांसाठी फ्रेंच बालवर्ग सुरू करवला. मुलांना फ्रेंचचा गंध नाही, आणि पहिल्या दिवसापासून बाई बोलणार फ्रेंच. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे या मुलांच्या परीक्षा घेत राहिले. पहिल्या काही वर्षांत इंग्रजी वाचन-लेखनात मुले थोडी मागे दिसली. इंग्रजीचे तास सुरू होताच ती उणीव भरून निघाली. गणितात काही बिघडले नाही. पुढे साऱ्या कॅनडाने ही पद्धत उचलली. ज्या मुलांची घरची भाषा गावात बलवान असते, त्यांना शाळेने दुसऱ्या भाषेत बुडवले तर घरची भाषा बुडत नाही, हे तिथे पुनःपुन्हा दिसून आले आहे. यातला 'बलवान' हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. मला पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता गंमत पाहा. हाच आक्षेप त्या मुलीला पुण्या-मुंबईच्या तिच्या मैत्रिणींनीही कळवला आहे. "अगं, इतक्या लहान वयात परकी भाषा? कोवळ्या मेंदूवर ताण येतो!" ही वाक्ये उच्चारणाऱ्या बायकांची मुले अडीच-तीन वर्षांची असतानाच कुठल्या भाषेच्या नर्सरीत नेऊन बसवली होती, हे मला ठाऊक आहे. तिथे कोवळ्या मेंदूची कोणाला आठवण झाली नाही. अमेरिकेतले ज्यू आईबाप निदान वर्षभर काथ्याकूट करतात, शाळेच्या चार फेऱ्या मारतात, वर्गात मागे बसून पाहतात. आपण फक्त रांगेत आपला नंबर कितवा, एवढेच पाहिले.

दुसरा आक्षेप 'उपयोगा'चा. चिनी शिकवा, स्पॅनिश शिकवा. मूठभर लोकांची हिब्रू शिकून पोराला काय मिळणार? या प्रश्नाला माझ्याजवळ एका घराचेच उत्तर आहे. 1881 साली एलिएझर बेन-येहुदा नावाचा, मूळचा रशियन साम्राज्यातला, क्षयाने पोखरलेला तरुण पॅलेस्टाइनात आला. त्या वेळी हिब्रूत प्रार्थना होत, पत्रे लिहिली जात, कथा-कादंबऱ्याही निघू लागल्या होत्या. पण हिब्रूत दूध मागणारे मूल पृथ्वीच्या पाठीवर नव्हते. 1882 साली त्याला मुलगा झाला. बापाने ठरवले की याच्या कानावर हिब्रूखेरीज अक्षर पडू द्यायचे नाही. स्नेही म्हणाले, पोर मतिमंद निघेल. पोर तीन वर्षांचे होऊन गेले तरी बोलेना, तेव्हा आईच्या जिवाचे काय झाले असेल! एकदा ती रशियनमध्ये अंगाई गुणगुणत होती, बापाने ती ऐकून आकाशपाताळ एक केले, आणि त्या भांडणाच्या भीतीनेच मुलाला वाचा फुटली, असे त्या मुलाने मोठेपणी लिहून ठेवले आहे. बेन-येहुदाच्या या कठोरपणाचे कौतुक मला करवत नाही. अंगाईवर ओरडणारा बाप कोणत्याही ध्येयासाठी ओरडला तरी मला आवडायचा नाही. पण 'उपयोग काय?' हे वजन त्या काळी पारड्यात टाकले असते, तर आज लाखो मुलांची जी मायबोली आहे ती जन्मालाच आली नसती.

आणि एका बापाच्या हट्टाने भाषा उभी राहत नाही. ती उभी केली बालवर्गांनी. 1886 साली रिशोन लेत्सियोन या वसाहतीत हिब्रूतून शिकवणारी शाळा निघाली, 1898 साली तिथेच हिब्रू बालवाडी. मास्तरांजवळ पुस्तके नव्हती, शब्दही नव्हते. बाहुलीला काय म्हणायचे, टॉवेलला काय म्हणायचे, इथून सुरुवात! शब्दकोशासाठी शब्द नव्हता, तो बेन-येहुदाने 'मिलोन' असा घडवला. आइसक्रीमला 'ग्लीदा' केले. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात दिव्य तेजासाठी आलेला 'हश्मल' हा शब्द विजेच्या दिव्यांसाठी राबू लागला. आपल्याकडे महापौर, दिनांक हे शब्द निघाले तेव्हा लोक हसले होते. तिकडेही हसले असतील. 1913 साली हैफा येथे निघणाऱ्या तांत्रिक विद्यालयात जर्मन माध्यम ठेवण्याचे घाटले, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. 1924 साली तिथले अध्यापन सुरू झाले ते हिब्रूत. तेव्हा लहान मुलाला हिब्रूत बुडवणे म्हणजे नवे फॅड आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की ती भाषा जगली ती याच पद्धतीने.

म्हणून माझा कौल शाळेच्या बाजूने आहे. पण शाळेचे रंगीत माहितीपत्रक वाचून भारावणाऱ्यांच्या बाजूने नाही! रोज तासभर गाणी आणि रंगांची नावे शिकवून कोणी 'इमर्शन' म्हणत असेल, तर ते पाण्यात पायाचा अंगठा बुडवून पोहल्याची बढाई मारणे आहे. त्या मुलीला मी सांगितले, आधी जाऊन पाहा की हिब्रूच्या बाई गणिताचा किंवा चित्रकलेचा तास हिब्रूत घेतात का. मूल पडले, गुडघा फुटला, तर त्याची समजूत कोणत्या भाषेत घालतात? मधल्या सुट्टीत शिपाई, ग्रंथपाल, स्वयंपाकघरातली माणसे काय बोलतात? कॅनडातल्या मुलांबाबत एक दोष स्पष्ट दिसला होता. ती ऐकून सगळे समजत, वाचत उत्तम, पण बोलणे अवघडलेलेच राहिले. कारण वर्गात ती भाषा बोलणारे एकटे शिक्षक, आणि सवंगडी सगळे इंग्रजीवाले. हिब्रूच्या शाळेत हा दोष दुप्पट होईल, कारण क्वेबेकात निदान रस्त्यावर फ्रेंच होती. शिवाय ती शाळा आठवीला संपत असेल तर नववीत काय? आणि मूल टिंबे दिलेले हिब्रू वाचायला शिकते. मोठ्यांच्या वर्तमानपत्रात स्वरांची ती टिंबे नसतात, शब्द ओळखीचा असावा लागतो. तिथवर शाळा नेऊन पोचवते का, की नुसत्या प्रार्थनेपुरते अक्षरज्ञान देऊन हात झटकते? हे विचारणारे आईबाप मला अजून भेटायचे आहेत. सगळे विचारतात, इंग्रजी राहील ना!

आता त्या 'बलवान' शब्दाकडे वळतो. ठाण्याच्या या घरात भाषा दोन नाहीत, तीन आहेत. इंग्रजीला अमेरिका सांभाळील, हिब्रूला शाळा. आजीच्या मराठीला कोण? उजव्या पारड्यात इंग्रजी, डाव्यात हिब्रू, असा वाद घालताना तिसरी भाषा तराजूखाली जमिनीवर पडली आहे, आणि तिच्यावर पाय देऊन सगळे भांडत आहेत.

ही भाषा काही ऐऱ्यागैऱ्याची नव्हे. बेने इस्रायल कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणून राहिले. हिब्रू जवळजवळ विसरले, 'शेमा' ही प्रार्थना तेवढी ओठांवर ठेवली. पुढे त्यांना हिब्रू परत मिळाली, ती मराठीच्या हाताला धरून. डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. विल्सन मिशनरी होते, हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. पण लोकांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला! जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हाईम सॅम्युएल केहिमकरांच्या खटपटीने 1875 साली मुंबईत इस्रायली मुलांची शाळा निघाली. त्या पिढीला एका भाषेसाठी दुसरीचा बळी द्यावा लागला नाही.

उलट मराठी ही हिब्रूला धार्जिणीच आहे. इंग्रजी घरातल्या मुलाला सर्वात जड जाते ते हे की, तिथे क्रियापद बोलणाऱ्यासारखे बदलते. मुलगा म्हणतो 'अनी होलेख', मुलगी म्हणते 'अनी होलेखेत'. आजीच्या मांडीवर 'मी जातो' आणि 'मी जाते' ऐकलेल्या पोराला त्यात शिकण्यासारखे उरतेच काय?

आणि दुर्लक्ष केल्यास काय होते, तेही डोळ्यांपुढे आहे. 1923 साली तेल अवीवच्या विद्यार्थ्यांनी भाषारक्षकांचे पथक काढले आणि रस्त्यात यिडिश बोलणाऱ्यांना दटावत हिंडू लागले. हिब्रू जिंकली, लक्षावधी आज्यांच्या भाषेला घरात चोरासारखे बोलावे लागले. 1948 नंतर इस्रायलात गेलेल्या आपल्या बेने इस्रायलांनी तिथून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले, त्यांचा मला अभिमान आहे. पण त्यांच्या नातवंडांपैकी ते वाचणारे किती, हे विचारायला माझी जीभ वळत नाही. ती मुले हिब्रूत वाढली, यात वाईट काहीच नाही. घरात मराठी बंद झाली ती शाळेने बंद केली नव्हती. आईबापांनी केली, पोराला सोपे जावे म्हणून!

ठाण्याच्या मुलीने शाळेचा अर्ज भरला आहे. त्यात तिथल्या रिवाजाप्रमाणे एक रकाना आहे: घरात बोलली जाणारी भाषा. जावयांनी तिथे 'इंग्रजी' लिहिले आहे; म्हणाले, उगीच कटकट नको, दुसरे काही लिहिले तर पोराची इंग्रजीची परीक्षा घेत बसतात. शेजारच्या खोलीत त्याची आजी त्याला चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत होती, ती मला फोनवर स्वच्छ ऐकू येत होती. तो रकाना खोडून तिथे 'मराठी' लिहा, परीक्षा घेतली तर खुशाल घेऊ देत, असे मी त्यांना बजावले आहे. सोडतीला अजून अवकाश आहे.