बाटलीवर देश लिहीत नाहीत

ऑलिंपिकची शंभर मीटरची धाव लागली की टाळ्या आपल्या देशाला आणि संशय दुसऱ्याच्या देशावर, असं आपलं सगळ्यांचं होतं.

२४ सप्टेंबर १९८८ला सेऊलमध्ये कॅनडाचा बेन जॉन्सन ९.७९ सेकंदांत पहिला आला. लघवीत स्टॅनोझोलॉल हे स्टिरॉइड सापडलं, तीन दिवसांत पदक गेलं. सुवर्णपदक अमेरिकेच्या कार्ल लुईसला मिळालं. पण २००३ साली उघड झालं, की १९८८च्याच अमेरिकन निवड चाचणीत लुईसच्या लघवीतही बंदी असलेली उत्तेजकं सापडली होती, सर्दीच्या औषधात असतात तशी. नकळत घेतली असं धरून त्यांच्याच ऑलिंपिक समितीने त्याला सोडलं होतं.

स्टिरॉइड आणि सर्दीचं औषध सारखं नव्हे, हे आम्ही नर्सेस जाणतो. पण घरच्यांनीच घरच्याचा न्याय करायचा, तोही गुपचूप, म्हणजे लोक शंका घेणारच.

वॉर्डात आम्ही बाटलीवर रोग्याचं नाव लिहायचो. खेळाडूंच्या बाटलीवर मात्र मुद्दाम नुसता नंबर असतो, लॅबवाल्याला माणूस कळू नये म्हणून. निकाल देणाऱ्यांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपणही तोच नियम पाळावा.